तिसरा आठवडा

गेल्या पंधरवड्यात आम्हांस येळ्ळुरास जाण्याचा योग आला. वडगाव मागे पडले, दोन्ही हातांस भाताची शिवारे लागली आणि समोर राजहंसगडाचा माथा दिसू लागला, म्हणजे बेळगावच्या माणसास आपण कोठे चाललो हे कोणास विचारावे लागत नाही. भात नुकतेच निसवले होते. बासमतीचा वास वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत येत होता. ज्या घरी आम्ही गेलो ते घर आमच्या जुन्या परिचयाचे. सोप्यात आजोबा सुपारी कातरीत बसले होते आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून, त्यांची नात मांडीवर एक जुना लॅपटॉप घेऊन बसली होती. आम्ही उंबऱ्याशी पोहोचतो न पोहोचतो तोच आजोबा मोठ्याने हसले.

"या, या. बघा हिचा संगणक काय म्हणतोय. आमच्या म्हशीने काल सत्तावन्न लिटर दूध दिले म्हणे!"

मुलगी लाजली, परंतु रागावली नाही. तिने आम्हांस प्रकार समजावून दिला. सकाळचे दूध ५ लिटर, संध्याकाळचे ७ लिटर. दोहोंची बेरीज करून दाखवावी अशी आज्ञा तिने संगणकास लिहून दिली होती. संगणकाने सकाळचा आकडा विचारला, तिने ५ लिहिले. संध्याकाळचा विचारला, तिने ७ लिहिले. आणि संगणकाने तत्काळ ५७ असे उत्तर दिले. यंत्र चुकले काय? मुळीच नाही. वापरणाऱ्याने टंकफलकावरून जे टिपले, ते सर्व संगणक प्रथम अक्षरे म्हणूनच स्वीकारतो. त्याच्या लेखी ते ५ म्हणजे पाच लिटर नव्हे, तर पाचाच्या आकाराचे एक चिन्ह होय. दोन चिन्हांची बेरीज म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी मांडणे. हे चिन्ह नसून संख्या आहे, असे त्यास निराळे सांगावे लागते. तसे एका शब्दाने सांगितले, आणि दूध पुन्हा बारा लिटरांवर आले. आजोबांस मात्र सत्तावन्नच अधिक पसंत होते.

वाचकहो, संगणकाची आज्ञावली लिहिणे, ज्यास आजची मुले 'कोडिंग' किंवा 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात, ते हेच. त्यात जादू नाही. एखाद्या नव्या गड्यास आपण शेतावर पाठवितो. तो कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, रात्रंदिवस राबण्यास तयार आहे. पण सांगितल्यापलीकडे एक पाऊल टाकावयाचा नाही, आणि सांगण्यात चूक झाली तर ती चूकही तितक्याच निष्ठेने करील. अशा गड्यास काम सांगावयाचे, तर आपल्या मनातील काम आधी आपल्यालाच नीट उलगडावे लागते. काय अगोदर, काय नंतर, पाऊस आला तर काय, न आला तर काय, आणि थांबावयाचे कोठे. या उलगडण्यास जी बुद्धी लागते ती येळ्ळूरच्या शेतकऱ्यापाशी नाही असे कोण म्हणेल?

या मुलीची हकिकत अशी. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झाले. पुढे बारावी, ती इंग्रजीतून. थोरला भाऊ अभियांत्रिकीस गेला, त्याच्या शुल्कापायी घराची ओढाताण झाली. हिच्या वाट्यास घरून जाऊन-येऊन करावयाची साधी पदवी आली. कोणी अन्याय केला असे तिचे म्हणणे नाही. बाबांनी तिला समोर बसवून सांगितले होते की एकाच वेळी दोघांचे झेपणार नाही. परंतु भावाच्या पुस्तकांत तिचे लक्ष होते. आणि गेल्या वर्षी जुलैत तिने, घरात कोणास फारसे न सांगता, मोबाइलवरून एका बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात नाव घातले. शुल्क काही नव्हते.

आमच्या पिढीस हे खरे वाटणे कठीण. १९८४ साली सरकारने शाळांतून संगणक शिकविण्याची 'क्लास' नावाची योजना काढली, त्या वेळी विलायतेहून आलेले बीबीसी मायक्रो नामक संगणक काही निवडक शाळांत पोहोचले. पुढे गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटीची परीक्षा सुरू झाली. तथापि त्या सर्वांस वर्गाची खोली लागे आणि शुल्क लागे. शहराची एस. टी. पकडण्याची सोय नसेल त्या मुलीसाठी ते दार बंदच होते. २००३ साली आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटेल' हा उपक्रम हाती घेतला व आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांस खुली केली. २०१४ पासून त्यांनी परीक्षा व प्रमाणपत्रही ठेवले. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारने 'स्वयं' हे स्थळ उघडले, त्यावर हे सर्व एकत्र मिळते. व्याख्याने ऐकण्यास पैसा लागत नाही. दर आठवड्यास गृहपाठ असतो. ज्यास प्रमाणपत्र हवे त्याने परीक्षेचे शुल्क भरून शहरातील केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहून परीक्षा द्यावी, असा नियम आहे. साती समुद्रांपलीकडील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मॅलन यांचा 'सीएस फिफ्टी' हा प्रसिद्ध अभ्यासक्रमही असाच फुकट ऐकावयास मिळतो. त्याची गंमत अशी की त्याचा पहिला आठवडा 'आठवडा शून्य' म्हणून ओळखला जातो. संगणकाचे लोक शून्यापासून मोजतात. या शून्याने पुढे आमच्या येळ्ळूरच्या मंडळींस चांगलेच फसविले, ते यथावकाश सांगू.

आणि २०१६ च्या सप्टेंबरात नव्या दूरध्वनी कंपनीच्या आगमनाने मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी इतके स्वस्त झाले की तासभराचे व्याख्यान ऐकणे हा खेड्यातल्या घरास परवडणारा खर्च झाला. हे झाले नसते तर वरील सर्व विद्या आकाशीच्या चांदण्यासारखी दिसली असती, हाती आली नसती.

तर मुलीने नाव घातले. पहिला आठवडा उत्साहाचा होता. पडद्यावर स्वतःचे नाव उमटविले, आईस दाखविले. दुसऱ्या आठवड्यात बेरजा-वजाबाक्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात 'जोवर असे आहे तोवर असे करीत राहा' अशा आवर्तनाच्या आज्ञा आल्या, आणि गाडी रुतली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी ओळी येऊ लागल्या. त्यांचा अर्थ लागेना. व्याख्यान पुन्हा ऐकले, तरी लागेना. बाहेर रोप लावणीचे दिवस. सकाळपासून चिखलात कंबर मोडलेली. रात्री मोबाइलच्या वीतभर पडद्यावर कंस शोधता शोधता डोळे मिटत. एका रविवारी गृहपाठाची मुदत टळली. मग दुसरी टळली. तिने ते स्थळ उघडणे सोडून दिले.

आम्हांस लागले ते याच्या पुढचे. तिने हे कोणास सांगितले नाही. आईने विचारले, "तुझे ते संगणकाचे कुठवर आले गं?" तेव्हा तिने "चाललंय की," असे उत्तर दिले. चार महिने ती तसेच सांगत राहिली. "सर, मला वाटले माझे डोकेच त्यातले नाही. दादाचे आहे, माझे नाही. मग सांगून काय करायचे?" हे ती आम्हांस खाली पाहून सांगत होती, आणि आजोबांची सुपारी कातरण्याची क्रिया थांबली होती. त्यांनीही हे प्रथमच ऐकले असावे.

येथे आम्हांस थोडे थांबून काही आकडे द्यावयाचे आहेत. कारण हे आकडे कोणी त्या मुलीस आधी सांगितले असते, तर तिचे चार महिने वाचते. अमेरिकेतील एमआयटी येथील दोघा संशोधकांनी हार्वर्ड व एमआयटी यांच्या अशा खुल्या अभ्यासक्रमांचा हिशेब मांडून तो २०१९ साली 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. २०१७-१८ या वर्षात नाव घातलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा तीन निघाले, अवघे तीन! नाव घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तर पहिले पानही उघडले नव्हते. शंभरातील सत्त्याण्णव वाटेत गळतात, त्यांत अमेरिकेतील पदवीधरही असतात, ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे, मोठा पडदा आहे आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे. मग लावणी करून आलेली येळ्ळूरची मुलगी तिसऱ्या आठवड्यात थांबली, त्यात तिच्या डोक्याचा दोष कोठून आला? त्याच हिशेबात एक दुसरा आकडा आहे. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरून ठेवले होते, त्यांच्यात पुरे करणारे शेकडा सेहेचाळीस होते. काही रक्कम अडकली की माणूस चिकाटी धरतो, असा याचा अर्थ कोणी करील. ज्याचा निश्चय पक्का तोच पैसे भरतो, असाही होईल. आमच्या मते दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

परंतु आम्ही जी पाच-सात मुले आजवर पाहिली, त्यांवरून आमचे म्हणणे निराळेच आहे. एकट्याने शिकणे हेच मुळात अवघड. वर्गात शेजारचा मुलगाही चुकतो, हे दिसते. आणि ते दिसणे हे अर्धे शिक्षण होय. पडद्यावरील प्राध्यापक कधी चुकत नाहीत. त्यांची आज्ञावली पहिल्या झटक्यात चालते. मुलांस वाटते, जाणत्याचे असेच चालत असणार. प्रत्यक्षात चाळीस वर्षे हा धंदा करणाऱ्याचीही आज्ञावली पहिल्यांदा क्वचितच चालते. दिवसाचा पुष्कळसा वेळ तो स्वतःच्याच चुका शोधण्यात घालवितो. ही गोष्ट पहिल्या दिवशी, पहिल्या घटकेस सांगावयास हवी.

भाषेचा प्रश्नही आहे, आणि सीमाभागात तो टाळून चालत नाही. आमच्या मुलांस घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी. त्यावर ही चौथी, संगणकाची. मुलांची समजूत अशी की ज्याचे इंग्रजी कच्चे त्याने या वाटेस जाऊच नये. यात तथ्य किती, ते आम्ही त्या दिवशी मुलीबरोबर बसून पाहिले. ती जी भाषा शिकते तिचे नाव 'पायथन'. गिदो व्हान रॉसम नामक डच गृहस्थांनी ती रचून १९९१ साली प्रसिद्ध केली. नाव सापावरून नसून विलायतेतील एका विनोदी मंडळीवरून ठेवलेले आहे. या भाषेचे राखीव शब्द एकंदर ३५. जर, नाहीतर, जोवर, प्रत्येकासाठी, आणि, किंवा, नव्हे, अशांना इंग्रजीत जे म्हणतात तेच ते. पस्तीस शब्द! आमच्या मुली सुगरणीच्या हाताखाली चार दिवसांत याहून अधिक शब्द शिकतात. बाकीची नावे आपली आपण ठेवावयाची असतात, आणि ती देवनागरीत ठेवली तरी चालतात, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हांसही एका तरुण स्नेह्याने सांगितले म्हणूनच ठाऊक. तिने लगेच 'दूध', 'दर', 'लिटर' अशी नावे घालून पाहिली. चालली. मग संगणकाने आकडा विचारला तेव्हा तिने मराठी अंकांत १२.५ असे टिपले, आणि त्यास संख्या करण्यास सांगितले. त्याने ते मुकाट्याने ओळखले व बरोबर गुणाकार केला. उत्तर मात्र इंग्रजी अंकांत दिले. आणि आज्ञावलीच्या अंगात मराठी अंक लिहिला तर तेथे तो हटून बसला. म्हणजे ओसरीपर्यंत मराठीस मज्जाव नाही, माजघरात आहे! मुलीचा चेहरा मात्र त्या वेळी असा उजळला होता की माजघराचे आम्हांस फारसे वाटले नाही.

तांबड्या ओळींचे इंग्रजी, तेही ठरीव असते. सात-आठ वाक्ये पुनःपुन्हा येतात: ओळीच्या आरंभीची मोकळी जागा चुकली, अमुक नाव मला ठाऊक नाही, अक्षर आणि संख्या यांची बेरीज मी कशी करू. ती एका वहीत उतरून समोर मराठीत अर्थ लिहून ठेवावा. आमच्या सांगण्यावरून तिने अशी वही केली आहे. पहिल्याच पानावर त्या सत्तावन्न लिटरांची नोंद आहे. ज्यांस शिक्षकच मराठी बोलणारा हवा, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. त्याचे पाठ दहा-दहा मिनिटांचे असतात. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच, पण सांगणारा आवाज मराठी. कन्नडही आहे. सी, सी प्लस प्लस, जावा या भाषांचे धडे मराठीत आहेत. एका बाजूस पाठ, दुसऱ्या बाजूस आपले काम, आणि दर मिनिटास थांबवून स्वतः करून पाहणे, ही त्याची रीत. रीत कंटाळवाणी खरी, परंतु नुसते ऐकून पोहणे कोणास आले आहे?

मुलगी पुन्हा कशी वळली, हे सांगावयाचे राहिले. त्यास कारण आजोबांची वही झाली. दुधाचा हिशेब ते वर्षानुवर्षे एका लांबट वहीत ठेवीत आले आहेत: सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांस आकडे नीट दिसेनात; नातीने वही हाती घेतली. दर दहा दिवसांनी डेअरीचा हिशेब होतो. तो पडताळून पाहणे हे कंटाळ्याचे काम, तेव्हा तिच्या मनात आले की संगणकासच का सांगू नये? कोणत्याही अभ्यासक्रमाने दिलेला नव्हे, तर घरचा असा हा पहिला प्रश्न. भावाने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला. आणि या जुलैत तिने त्याच अभ्यासक्रमात पुन्हा नाव घातले. या खेपेस घरात सर्वांस सांगून.

तिसरा आठवडा आला तेव्हा आवर्तनांचा धडा घेऊन तिने दहा दिवसांच्या दहा रकमा ओळीने मांडल्या आणि संगणकास म्हणाली, एकापासून दहापर्यंत जाऊन बेरीज कर. बेरीज आली. ती डेअरीच्या चिठ्ठीहून ६०८ रुपयांनी कमी होती! तांबडी ओळ नाही, तक्रार नाही, उत्तर कसे स्वच्छ. मुलीची खात्री झाली की डेअरीने या खेपेस चुकून अधिक पैसे दिले. ते परत करावे की गप्प बसावे, यावर घरात जेवताना चर्चा झाली. बाबा म्हणाले, परत केलेच पाहिजेत. आई म्हणाली, आधी दोनदा मोजा. आजोबा म्हणाले, "जास्तीचे पैसे देणारा डेअरीवाला मी तरी अजून बघितला नाही बघ." मग त्यांनी विचारले, फरक केवढ्याचा? सहाशे आठ. "सहाशे आठ? अगं, ही तर पहिल्या दिवसाची रक्कम की!"

म्हाताऱ्याच्या ध्यानात आकडे राहतात. चूक तेथेच होती. संगणक ओळीतल्या पहिल्या रकमेस शून्यावी म्हणतो, दुसरीस पहिली. 'एकापासून' म्हणताच त्याने पहिली रक्कम सोडून दुसरीपासून आरंभ केला. बरे, दहावीपर्यंत जाऊ लागता तर अशी दहावी रकमच नाही म्हणून तो ओरडला असता व चूक उघडी पडली असती. परंतु 'दहापर्यंत' याचा अर्थ तो दहा सोडून असा घेतो; शेत बांधापर्यंत, पण बांध आपला नव्हे, तसे. दोन गैरसमज एकमेकांच्या आड उभे राहिले आणि उत्तर साळसूदपणे खोटे आले. हे उलगडताना मुलीस दोन संध्याकाळी लागल्या. आम्हांस विचाराल तर साऱ्या बारा आठवड्यांत तिला मिळालेली सर्वांत मोलाची विद्या या दोन संध्याकाळची होय. यंत्र बोलत नाही म्हणजे ते बरोबर आहे असे नव्हे, हे ती आता कधी विसरणार नाही.

आजकाल कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी निघाल्यापासून मराठीत प्रश्न विचारला तरी यंत्रच आज्ञावली लिहून देते. देते खरे. या मुलीनेही गृहपाठाचे एक उत्तर तसे मिळविले होते, हे तिने आमच्यापाशी प्रामाणिकपणे कबूल केले. गुण मिळाले; पुढच्या आठवड्यात तेच ज्ञान लागले, तेव्हा हाती काही नव्हते. तिने ते सोडून दिले असे नाही. आता ती त्यास उत्तर मागत नाही. तांबड्या ओळीचा अर्थ मराठीत सांग, एवढेच मागते. आम्हांस यात वावगे दिसत नाही. शेजारी जाणता बसला नसेल तर त्याची जागा कशाने तरी भरावयास हवीच. मात्र त्याचे सांगणेही पडताळून पाहावे. तेही सत्तावन्न लिटर सांगू शकते.

आईबापांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हापासून लहान मुलांस संगणकाची भाषा शिकवून थोर पदास चढविण्याच्या जाहिरातींचा पूर आला. सहा महिन्यांत नोकरी, हप्त्याने शुल्क, असे सांगणारे दूरध्वनी खेड्यांतही येतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा हप्त्यांवर सही केली. मुलगा दुसऱ्या महिन्यात सोडून बसला, हप्ते मात्र कर्जाचे असल्याने चालूच राहिले. पैसे भरण्यापूर्वी मुलाने फुकटच्या अभ्यासक्रमाचे चार आठवडे तरी पुरे केले आहेत काय, हे पाहावे. तेवढे झाले असेल तर पुढे काय घ्यावे हे त्याचे त्यासच कळू लागते. आणि बारा आठवड्यांच्या प्रमाणपत्राने नोकरी मिळते, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते दाराची कडी वाजविण्याइतके आहे. ज्यास खरोखर पदवीच हवी त्याच्यासाठी मद्रासच्या आयआयटीने २०२० साली घरून शिकण्याचा अभ्यासक्रम काढला आहे. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात, शुल्क आहे, आणि अभ्यास खऱ्या पदवीइतकाच कठीण आहे.

मुलींच्या आयांसाठी आणखी एक आठवण. अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारी पहिली स्त्री कोण होती? एक धर्मभगिनी. सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी १९३२ साली मठात प्रवेश केला, आणि १९६५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, विस्कॉन्सिन विद्यापीठाची ती पदवी घेतली. मग डब्युक येथील क्लार्क कॉलेजात, जे मुलींचे महाविद्यालय होते, त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग स्थापिला आणि वीस वर्षे तो चालविला. ही विद्या मुलींच्या डोक्यातली नव्हे, असे येळ्ळुरात कोणी म्हणेल तर हा दाखला द्यावा. आम्ही तो त्या घरी दिला. आईने विचारले, "पन्नाशीनंतर?" आणि लॅपटॉपकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिले.

आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. आठव्या आठवड्याचा गृहपाठ त्याच रात्री पुरा करावयाचा होता आणि म्हैस हंबरत होती. परीक्षेचे शुल्क बाबांनी भरले आहे. अर्ज भरताना त्यांनी एवढेच विचारले की केंद्रावर सोबत यावे लागेल काय. ती म्हणाली, नको, मी एस. टी. ने जाईन. परीक्षेचा दिवस नेमका कापणीच्या धामधुमीत येतो आहे, त्याची काळजी घरात चालली होती. आजोबांनी तोड काढली. त्या दिवशी धारेला ते स्वतः बसणार आहेत, आणि दुधाचा आकडा वहीत नव्हे, तर तिने दाखविल्याप्रमाणे लॅपटॉपवरच टिपणार आहेत. कोणती कळ दाबावयाची, हे ते आम्ही जाईपर्यंत तिला तिसऱ्यांदा विचारीत होते.